गीत कोणाचे?

मथळा माझाच होता, हे आधी सांगून टाकतो. २५ फेब्रुवारी २००३ च्या अंकात पहिल्या पानाच्या तळाशी, दोन कॉलमांत, ‘रविशंकर-कन्येला पाच ग्रॅमी’ असे छापून आले आणि त्याबद्दल मला कोणी बोल लावला नाही. उलट मुख्य उपसंपादकांनी ‘छान बसवलास’ म्हणून पाठ थोपटली. ‘बसवलास’ हा आमच्या धंद्यातला सर्वांत मोठा सन्मान आहे. मथळा न्याय्य आहे का, हा प्रश्न नंतरचा. तो दिलेल्या जागेत बसतो का, हा पहिला. त्या गोष्टीला वीस वर्षांहून अधिक काळ लोटला, दैनिकही मी केव्हाच सोडले, तरी त्या रात्री काय काय बसवले आणि बसवण्यासाठी काय काय सांडले, याचा हिशेब माझ्या मनात अजून जुळलेला नाही.

मी तेव्हा पुण्यातल्या एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो. वृत्तपत्रातल्या सगळ्या बातम्या बातमीदार लिहितात, असा बाहेरच्यांचा समज असतो. दिल्लीच्या आणि परदेशच्या बातम्या वृत्तसंस्थांकडून इंग्रजीत, तुकड्यातुकड्यांनी येतात. त्या मराठीत आणणारा, कापणारा आणि मथळा देणारा माणूस डेस्कवर बसलेला असतो आणि त्याचे नाव कधीच छापले जात नाही. चूक झाली तरी छापले जात नाही, ही त्यातली सोय.

ग्रॅमी या अमेरिकेतल्या संगीत-पुरस्कारांचा सोहळा न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये २३ फेब्रुवारीच्या रविवारी रात्री झाला, म्हणजे आपल्याकडे सोमवारची सकाळ. दुपारी तीनला मी कामावर पोहोचलो, तेव्हा माझ्या टेबलावर त्या एकाच बातमीचे निदान डझनभर तुकडे पडले होते आणि त्यांचे आपापसांत पटत नव्हते. एका तुकड्यात रविशंकरांची कन्या, गायिका नोरा जोन्स, हिच्या पहिल्याच अल्बमला आठ ग्रॅमी मिळाल्याचे लिहिले होते, दुसऱ्यात तिला पाच, आणि तिसऱ्यात दोन्ही आकडे एकाच परिच्छेदात शेजारी शेजारी बसवलेले होते. दुपारपाळीच्या सहकाऱ्याने ‘आठ ठेव, मोठा आकडा आहे’ असा सल्ला दिला. मराठी वृत्तपत्रांतले निम्मे आकडे याच न्यायाने ठरतात, असे माझे मत आहे.

मी कागद घेऊन विजेत्यांची यादी एकेक ओळ करून तपासली. त्या तपासणीचा मला आजही अभिमान आहे, म्हणून ती थोडी सविस्तर सांगतो. नोरा जोन्सला व्यक्तिशः पाचच पुरस्कार होते: वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बम, सर्वोत्कृष्ट ध्वनिमुद्रण, सर्वोत्कृष्ट नवोदित कलाकार, पॉप गायनातील सर्वोत्कृष्ट स्त्रीगायिका आणि सर्वोत्कृष्ट पॉप अल्बम. उरलेले तीन त्याच अल्बमभोवतीचे, पण दुसऱ्या माणसांचे होते. एक निर्माते आरिफ मार्डिन यांना. हे इस्तंबूलला जन्मलेले गृहस्थ अरेथा फ्रँकलिनपासूनच्या ध्वनिमुद्रणांमागे उभे होते. दुसरा ध्वनिमुद्रण करणाऱ्या तंत्रज्ञांना. आणि तिसरा, वर्षातील सर्वोत्कृष्ट गीताचा, ‘डोन्ट नो व्हाय’ लिहिणाऱ्या जेसी हॅरिसला.

या शेवटच्या पुरस्कारापाशी मराठी अडते. ग्रॅमीवाल्यांकडे ‘रेकॉर्ड ऑफ द इयर’ आणि ‘साँग ऑफ द इयर’ अशा दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गायलेल्या आणि मुद्रित झालेल्या कृतीला, म्हणजे गाणाऱ्याला, निर्मात्याला, तंत्रज्ञाला मिळते. दुसरी फक्त गीत रचणाऱ्याला, मग ते गायिले कोणीही असो. आपल्या भाषेत दोन्हींचे सहज ‘सर्वोत्कृष्ट गाणे’ होते आणि वाचकाला वाटते, एकच पुरस्कार चुकून दोनदा छापला. मी ‘ध्वनिमुद्रण’ आणि ‘गीत’ असे दोन शब्द पक्के केले, मुद्रितशोधकांना जाऊन सांगूनही आलो, आणि जागेवर येऊन समाधानाने चहा प्यायलो. जिथे मी इतका सावध होतो, तिथेच पुढे घसरलो.

पाचच्या सुमारास संपादक स्वतः डेस्कवर आले. ते येत तेव्हा काहीतरी वाढणार किंवा काहीतरी मरणार, हे आम्हांला ठाऊक असे. त्यांनी विचारले, “ही बाई कोणी ऐकली आहे का?” डेस्कवर आम्ही नऊ जण होतो. आठ जण पडद्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, “माझ्याकडे सीडी आहे.”

ही सीडी न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या मावसभावाने २००२ च्या दिवाळीत आणली होती. तोपर्यंत नोराचे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नव्हते. अमेरिकेतही तो अल्बम फेब्रुवारी २००२ मध्ये आला तेव्हा बिलबोर्ड या संगीत-साप्ताहिकाच्या अल्बमांच्या यादीत १३९ व्या क्रमांकावर उतरला होता, आणि तिथून चढत चढत पहिल्या क्रमांकावर पोहोचायला त्याला जानेवारी २००३ उजाडावा लागला. मी तो हेडफोन लावून आठवडाभर ऐकला आणि रविवारच्या पुरवणीसाठी सहाशे शब्दांचे परीक्षण लिहिले. पुरवणी पाहणाऱ्या सहकाऱ्यांनी ते वाचले, आवडल्याचे सांगितले आणि मग विचारले, “पण हे कशात बसतं?”

प्रश्न खवचट नव्हता. पुरवणीत शास्त्रीय संगीताचे एक सदर होते, चित्रपटसंगीताचे एक होते, आणि ‘पाश्चात्त्य’ नावाची एक चौकट होती, ज्यात बहुधा कोणाच्या तरी लग्नाच्या किंवा घटस्फोटाच्या बातम्या जात. हा अल्बम ब्लू नोट या कंपनीचा. १९३९ पासून जाझसाठी नावाजलेली ही कंपनी. म्हणजे तो जाझ म्हणावा, तर त्यातले तिसरेच गाणे हँक विल्यम्सचे, १९५१ सालचे, अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतल्या कंट्री संगीतातले. ते कंट्री म्हणावे, तर शेवटचे गाणे होगी कारमायकेलचे, १९३० च्या दशकातले, आणि तेही फक्त पियानो आणि आवाज एवढ्यावर गायिलेले. मधली गाणी तिच्या मित्रांची, काही तिची स्वतःची; त्यांत लोकगीताची चाल आहे, ब्लूजचा सूर आहे, एका गाण्यात तर चक्क अकॉर्डियन आहे. अमेरिकेतल्या जाझच्या सोवळ्या लोकांनीही हाच प्रश्न विचारला होता, आणि ग्रॅमीवाल्यांनी अखेर तो पॉपच्या खणात टाकून सुटका करून घेतली.

माझे परीक्षण खणात गेले ते लाकडी. त्यावर ‘पाहू’ असा शेरा होता.

आता संपादक म्हणाले, “तीनशे शब्दांची चौकट दे. समीक्षकांनी एवढं का डोक्यावर घेतलं, ते सांग. आणि रविशंकर आणायला विसरू नकोस.”

जुने परीक्षण मी खणातून काढले, पण ते जसेच्या तसे देता येणार नव्हते, कारण ते संगीत ऐकणाऱ्यांसाठी लिहिले होते आणि आता ते इराकच्या आणि क्रिकेटच्या बातम्या वाचणाऱ्यांसमोर जाणार होते. मी नव्याने लिहायला बसलो. त्या पाऊण तासाइतका आनंद मला डेस्कवर फार क्वचित मिळाला.

तिच्या आवाजाबद्दल अमेरिकेतली स्तुती ज्या शब्दांत चालली होती ते शब्द मराठीत आणले की खाद्यपदार्थांची जाहिरात वाटे: धुरकट, मधाळ, मखमली. मी ते सगळे टाकून दिले. आपल्याकडे आवाज कसा ‘लावला’ आहे, हे बोलण्याची रीत आहे. मी तीच धरली. बावीस वर्षांची मुलगी माईकपाशी आवाज फेकत नाही, बोलण्याच्या पट्टीतच तो लावते. शब्द मात्रेवर आपटत नाही, मात्रा येऊन गेल्यावर किंचित मागाहून, आळसावल्यासारखा ठेवते, आणि तरीही लय सुटत नाही. ठुमरी ऐकणाऱ्या वाचकाला हे एका वाक्यात कळेल, अशी माझी खात्री होती. ‘डोन्ट नो व्हाय’मध्ये पाठीमागे ड्रम ब्रशने वाजतो, तो सुपात तांदूळ पाखडल्यासारखा ऐकू येतो, गिटार, डबल बेस आणि तिचा स्वतःचा पियानो, एवढाच संसार. तीन मिनिटांच्या त्या गाण्यात कुठेही कोणी आपली तयारी दाखवायला पुढे येत नाही. टेक्सासच्या विद्यापीठात जाझ पियानो शिकलेली मुलगी एवढा हात आखडून वाजवते, हेच समीक्षकांना भावले होते, आणि ज्यांना भावले नाही त्यांनी तिच्या नावाला घोरण्याचा इंग्रजी शब्द जोडून ‘स्नोरा’ असे टोपणनाव ठेवले होते. तेही मी लिहिले, कारण स्तुती एकसुरी असली की वाचकाला ती विकत घेतलेली वाटते.

हँक विल्यम्सच्या गाण्यासाठी मला उपमा सापडली तेव्हा मी शेजाऱ्याला हलवून वाचून दाखवली. मूळ गाण्यात फिडल आणि स्टील गिटारचा विलाप आहे. नोरा तेच शब्द, तीच चाल घेऊन पियानोपाशी बसते आणि ते गाणे झुलू लागते. आपल्याकडे खडी लावणी आणि बैठकीची लावणी असतात ना, तसे. फडावर उभ्याने, ढोलकीच्या कडाक्यात म्हटलेली लावणी बैठकीत बसून, तबल्याच्या साथीने, अदा करत म्हटली की शब्द तेच राहतात आणि अर्थ बदलतो. शेजारी म्हणाला, “वा! पण रविशंकर कुठे आहेत?”

रविशंकर कुठेच नव्हते. हीच तर अडचण होती. त्या अल्बममध्ये सतार नाही, राग नाही, तबला नाही. आई सू जोन्स, वडील पंडितजी. आईवडील वेगळे झाले आणि मुलगी आईजवळ टेक्सासमधल्या ग्रेपव्हाइन गावात वाढली. जन्मनाव गीताली नोरा जोन्स शंकर; ते सोळाव्या वर्षी तिने रीतसर बदलून नोरा जोन्स एवढेच ठेवले. जिने वडिलांचे आडनाव कागदोपत्री उतरवून ठेवले, तिच्या चौकटीत ते मी कोणत्या जागी ठेवायचे? शिवाय त्याच रात्री तिची सावत्र बहीण अनुष्का जागतिक संगीताच्या गटात नामांकित होती आणि तिला पुरस्कार मिळाला नव्हता. खुद्द पंडितजींना आदल्याच वर्षी त्याच गटात मिळाला होता. ‘एका घरात तीन ग्रॅमीवाले’ असा एक प्रस्ताव डेस्कवर आला. ते एक घर नाही, हे मी सांगून पाहिले. ‘वाचकाला काय फरक पडतो’ हे उत्तर वृत्तपत्रात नेहमी अशा माणसाकडून येते, ज्याला स्वतःला फरक पडत नसतो.

चौकटीच्या शेवटी मी जन्माची माहिती एका वाक्यात दिली आणि तीनशे चार शब्दांवर हात थांबवला. आणखी एक अडचण मधेच सोडवली होती, तिचा उल्लेख इथेच करतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. वृत्तसंस्था तिला ‘सिंगर-साँगरायटर’ म्हणत होत्या. स्वतः लिहिणारा, स्वतः चाल बांधणारा आणि स्वतःच गाणारा, यासाठी आपल्याकडे जुना शब्द आहे तो शाहीर. पण नोरा जोन्सला शाहीर म्हटले असते तर दुसऱ्या दिवशी मीच बातमी झालो असतो. भावगीताच्या परंपरेत कवी वेगळा, संगीतकार वेगळा, गायक वेगळा. आकाशवाणीवर ‘गीत, संगीत, स्वर’ अशी तीन नावे ऐकत आपण वाढलो. तिन्ही कामे एकीकडेच असण्याला आपल्याकडे शब्द नाही, कारण त्याची गरजच फारशी पडली नाही. मी ‘गीतकार-गायिका’ असा जोडशब्द केला आणि बातमीच्या पहिल्याच ओळीत घातला.

तो शब्द चूक नव्हता. अल्बमच्या चौदा गाण्यांपैकी शीर्षकगीतासह दोन तिची एकटीची आहेत आणि एक हॅरिसबरोबर लिहिलेले आहे. पण उरलेली अकरा इतरांची आहेत. समीक्षक तिची स्तुती करत होते ती या सगळ्या परक्या गाण्यांना तिने एकाच खोलीत बसवले म्हणून, आणि तरी ‘सिंगर-साँगरायटर’ हे बिरूद तिच्यामागे लागले होते, कारण तसे बिरूद लागले की कलाकार अस्सल ठरतो. हे मला तेव्हा अर्धवट कळले होते. पूर्ण कळले असते, तर मी तो शब्द पहिल्या ओळीत घातला नसता.

साडेसातच्या पुढे पान हलू लागले. तेव्हा विश्वचषक चालू होता. आदल्या दिवशी सचिनने नामिबियाविरुद्ध १५२ धावा केल्या होत्या आणि बुधवारी इंग्लंडशी सामना असल्यामुळे क्रीडापान ओसंडत होते. त्यातच नैरोबीहून निकाल आला की केनियाने श्रीलंकेला ५३ धावांनी हरवले. कॉलिन्स ओबुया नावाच्या लेगस्पिनरने २४ धावांत पाच बळी घेतले होते. हे पहिल्या पानावर जाणारच, त्यावर वाद नव्हता. वर अमेरिका, ब्रिटन आणि स्पेन सुरक्षा समितीत इराकविरुद्धचा नवा ठराव मांडणार असल्याची बातमी चार कॉलम अडवून बसली होती. उरली होती तळाची जागा, जिथे माझी तीन कॉलमी बातमी, तिच्या पोटात चौकट आणि कवेत पाच ग्रॅमी घेतलेल्या नोराचा फोटो, असा थाट डमीवर, म्हणजे पानाच्या कच्च्या आराखड्यावर, आखलेला होता.

बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीला आम्ही तो थाट कसाबसा नेला. शहर आवृत्तीला मात्र मुख्य उपसंपादक पेन्सिल घेऊन उठले. तीन कॉलमांचे दोन झाले. फोटो गेला. चौकट ‘नव्वद शब्दांवर आण’ असा हुकूम झाला, आणि मी बातमी कापत असल्यामुळे चौकट दुसऱ्या कोणी कापली. लावणी गेली, तांदूळ गेले, स्नोरा गेली. सकाळी अंक हातात घेतला तेव्हा उरलेल्या नव्वद शब्दांत एक वाक्य असे होते, जे मी लिहिलेच नव्हते: ‘पित्याच्या सतारीचा वारसा तिच्या सुरांतून झिरपतो.’ ते कोणी लिहिले, हे मला पुढे कळले. तो भला माणूस होता आणि त्याने अल्बम ऐकलेला नव्हता.

मथळ्याचे मी सांगितलेच. दोन कॉलमांत त्या टायपात बारा अक्षरे नेमकी बसत. ‘नोरा जोन्सला पाच ग्रॅमी’ ही नऊ होतात. दोन्ही बाजूंना पांढरे राहते आणि पान दात पडल्यासारखे दिसते. ‘रविशंकर-कन्येला पाच ग्रॅमी’ ही बरोबर बारा. मुख्य उपसंपादकांनी आधीच ऐकवले होते, “नोरा जोन्स कोण, ते घरी माझ्या मुलीलाही माहीत नाही. रविशंकर माझ्या आईला माहीत आहेत.” युक्तिवाद भक्कम होता, आणि खोटे का बोला, जोडाक्षर मधोमध आल्याने मथळा दिसतही देखणा होता. पुढे कितीतरी वर्षांनी एका बसप्रवासात, काही कारण नसताना, मी बोटांवर मोजले: ‘गायिका नोरा जोन्सला पाच ग्रॅमी’. हीसुद्धा बाराच. शब्दांतल्या मोकळ्या जागा दोन जास्त, पण जरा खेचून बसले असते. त्या रात्री ते मला सुचले नाही. सुचले असते तर मी तो दिला असता का, याचे उत्तर मला प्रामाणिकपणे देता येत नाही.

आता बातमीचे. माझ्या मूळ मजकुरात वाक्य होते: ‘जेसी हॅरिस यांनी लिहिलेले आणि नोराने गायिलेले ‘डोन्ट नो व्हाय’ हे वर्षातील सर्वोत्कृष्ट गीत तसेच सर्वोत्कृष्ट ध्वनिमुद्रण ठरले.’ बातमी नेहमी शेपटीकडून कापतात, हे सर्वांना ठाऊक आहे; पण शेपूट कापूनही दोन ओळी उरत होत्या आणि घड्याळात पाऊण वाजत होता. तेव्हा पोटातल्या वाक्यांना चिमटे काढावे लागतात. मी त्या वाक्याला चिमटा काढला आणि ते असे झाले: ‘तिचे ‘डोन्ट नो व्हाय’ सर्वोत्कृष्ट गीत ठरले.’

दोन ओळी वाचल्या. पान सुटले. ‘तिचे’ या दोन अक्षरांत मराठीला काहीही कोंबता येते: तिने लिहिलेले, तिने गायिलेले, तिला आवडणारे, तिच्या मालकीचे. आणि पहिल्याच ओळीत मी तिला ‘गीतकार-गायिका’ म्हणून ठेवले असल्यामुळे वाचणाऱ्याला त्यातला एकच अर्थ निघत होता. दुपारी ज्या भेदासाठी मी मुद्रितशोधकांपर्यंत चालत गेलो होतो, तो रात्री पाऊण वाजता माझ्याच हाताने पुसला.

मंगळवारी दुपारी चारला डेस्कवर फोन आला. पलीकडे एक वयस्कर गृहस्थ होते. सदाशिव पेठेतून बोलतो म्हणाले. वाचकांचे फोन बहुधा पंचांगातल्या चुकीसाठी किंवा शब्दकोड्यासाठी येतात, म्हणून मी कानाला फोन लावून हाताने दुसरे काम चालू ठेवले. त्यांनी आधी बातमी छापल्याबद्दल आभार मानले आणि मग म्हणाले, “एक शंका आहे. आपण ‘तिचे गीत’ असे लिहिले आहे. स्वर तिचा, हे कळले. गीत कोणाचे?”

मी हातातले काम थांबवले.

“आणि संगीत?” त्यांनी पुढे विचारले. “पंडितजींचे का?”

मी त्यांना सांगू शकलो असतो. माझ्या टेबलावर कालचे तुकडे अजून होते. पण गीत हॅरिसचे हे पक्के माहीत असूनही, चाल कोणाची, वादक कोण, हे मला तोंडपाठ नव्हते, आणि काल चुकल्यावर आज अंदाजाने बोलण्याचे धैर्य झाले नाही. त्यांचा नंबर घेतला आणि उद्या कळवतो म्हणालो. फोन ठेवून मी एक खुलासा लिहिला, तीन ओळींचा: सर्वोत्कृष्ट गीताचा पुरस्कार गीतलेखक जेसी हॅरिस यांना मिळाला असून ते गीत नोरा जोन्स यांनी गायिले आहे. मुख्य उपसंपादकांनी तो वाचून परत दिला. “एवढ्यासाठी खुलासा? अमेरिकेतला तो हॅरिस आपला अंक घेतो का?” त्यांचे म्हणणे असे की खुलासा हा तक्रार करणाऱ्यासाठी असतो, आणि तक्रार कोणी केलेली नाही, शंका विचारली आहे. हा भेद करण्याइतकी सूक्ष्म दृष्टी त्यांनी मथळ्याच्या वेळी दाखवली असती, तर बरे झाले असते. पण मग मीही दाखवायला हवी होती, असे म्हणावे लागेल, आणि तिथे माझा आवाज खाली येतो.

रात्री घरी जाऊन सीडीच्या डबीतली पुस्तिका काढली. तीन महिने ती माझ्या कपाटात होती आणि मी तिच्याकडे छायाचित्रांपुरतेच पाहिले होते. प्रत्येक गाण्याखाली, बारीक टायपात, लिहिणाऱ्याचे नाव छापलेले होते. कोणी काय वाजवले तेही होते. चुकायला जागाच ठेवलेली नव्हती.

बुधवारी कामावर जाण्याआधी मी घरूनच त्यांना फोन लावला. गीत आणि संगीत दोन्ही हॅरिसचे, तिकडे एकच माणूस दोन्ही करतो, असे सांगितले. ते म्हणाले, “थांबा, वही घेतो.” आकाशवाणीवर ऐकलेल्या गाण्यांची नावे ते कित्येक वर्षे वहीत उतरवत आले होते, तीन रकाने आखून. मला वाटले होते एका गाण्यावर भागेल. पण ते म्हणाले, अल्बम म्हणजे सगळीच गाणी ना, मग सगळीच सांगा. मी पुस्तिका उघडली. हॅरिसमध्ये र एक की दोन, हे त्यांनी विचारले; मराठीत एकच पुरे, म्हटले. दुसरे गाणे ली अलेक्झांडरचे, जो तिच्या साथीला बेस वाजवतो. तिसरे हँक विल्यम्सचे. तो जिवंत आहे का, म्हणाले. नाही, १९५३ मध्येच गेला. मी नाव सांगायचे, त्यांनी ते हळू आवाजात उच्चारत लिहायचे, आणि झाले की ‘पुढे’ म्हणायचे.

पाचव्या गाण्याला, म्हणजे शीर्षकगीताला, ते थांबले.

“गीत?”

“नोरा जोन्स.”

“संगीत?”

“नोरा जोन्स.”

“आणि स्वर तर तिचाच. तिन्ही रकान्यांत तेच नाव लिहू, की एकदाच लिहून खाली खुणा करू?”

तिन्ही रकान्यांत लिहा, असे मी त्यांना सांगितले.